परतीच्या पिशव्या

नगरपालिकेने दुकानातल्या पातळ पिशवीवर शुल्क बसवलं, त्याला आता सात महिने होत आले होते. पहिले पंधरा दिवस नुसती करमणूक होती. माणसं दुकानातून अशी बाहेर पडायची, की बघणाऱ्याला वाटावं यांच्या घराला आग लागली आणि हाताला लागेल ते उचलून पळताहेत. एकाने सहा अंडी टोपीत घालून नेली. एका बाईने बटाटे नवऱ्याच्या कोटाच्या खिशात भरले आणि नवऱ्याला पुढे घालून घरी नेलं. शुल्क तसं किरकोळ होतं, पण माणसाचं डोकं कसं चालतं ते कोण सांगणार? बाहेर जेवायला जाईल तिथे हात सैल सोडील आणि पिशवीच्या चार पैशांसाठी दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालील.

या गोंधळातून वाट काढली ती वहिनीने. वहिनी म्हणजे रस्त्याच्या मध्यावर जे किराणा दुकान होतं, त्या दुकानदाराची थोरली भावजय. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. सकाळी ती गल्ल्यावर बसायची, दुपारी मागच्या खोलीत शिवणयंत्र चालवायची. दीर तिला वहिनी म्हणायचा म्हणून गिऱ्हाईकंही वहिनी म्हणायला लागली, आणि पुढे पुढे तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा तिला बिनदिक्कत वहिनी म्हणत.

एका बंद पडलेल्या नाट्यगृहाचे पडदे तिने स्वस्तात उचलले. जाड, मरून रंगाचे. त्यांच्या तिने नव्वद पिशव्या शिवल्या, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. कडा दोनदा दुमडून आत घेतलेल्या, म्हणजे पाच किलो बटाटे भरले तरी उसवायचं नाव नाही. दाराशी लोखंडी खुंट्यांची रांग लावली. कुणीही यावं, पिशवी फुकट न्यावी, तीन दिवसांत परत आणावी. न्यायच्या वेळी पाटीवर नाव, परत आली की नाव पुसायचं. तीन दिवस उलटले तर मात्र पालिका घेते तेवढंच शुल्क द्यायचं. हा नियम वहिनीचाच, आणि पाटीच्या वर तो लिहिलाही तिनेच होता, ठळक अक्षरांत. दुपारी जेवायच्या वेळी दार ओढलेलं असे, तेव्हा पिशव्या परत टाकायला बाहेर एक टोपली असायची.

आणखी एक गोष्ट तिने केली होती आणि तिचा तिला फार अभिमान होता. आत पुडी नाही, कागद नाही. पाव असो, बिस्किटं असोत, बटाटे असोत, थेट पिशवीत. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला, शाबासकी देऊन गेला. पिशव्या रविवारी धुतल्या जात. बाकीचे दिवस आलेली पिशवी ती दारात दोनदा झटकायची आणि खुंटीवर लावायची.

वहिनीत खोट एकच, तिची जीभ. कुणाची पिशवी राहिली की ती दुकान भरलेलं बघून मोठ्याने नाव वाचायची. महिन्याभरापूर्वी तिने चित्रकलेच्या मास्तरांना असंच धरलं होतं. मास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली, एकटेच, रस्त्याच्या वळणावरच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहायचे. "मास्तर, शाळेत उशिरा येणाऱ्याला तुम्ही काय शिक्षा द्यायचात हो? बाकावर उभं करू का?" सगळं दुकान हसलं. मास्तरही हसले. शुल्काचे पैसे मोजून ठेवले आणि पिशवी न घेताच गेले. वहिनी तासाभरात ते विसरूनही गेली.

त्या दिवशी दुपारी पावणेतीनला बागेतले माळीदादा दुकानात आले ते धापा टाकतच. सार्वजनिक बागेत वीस वर्षं काम केलेला शांत माणूस. त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, आमच्या हिने सकाळी पिशवी आणून दिली ना, ती कुठाय?"

"कुठे असणार? लावली खुंटीवर. का हो, आत काही राहिलं काय?"

माळीदादांनी मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते बघितलं. "त्यात घुशींचं औषध होतं. बागेत टाकायचं, काळी भुकटी असते ना, ते. पुडी फाटली आतल्या आत. मी हिला म्हटलं, राहू दे तशीच, संध्याकाळी आलो की बघतो. आत्ता जेवायला घरी गेलो तर पिशवी नाही. ही म्हणते, आज तिसरा दिवस, उद्यापासून पैसे बसतील, म्हणून झटकली आणि देऊन आले."

दोन क्षण तिला समोरचा माणूस दिसतच होता पण त्याचं बोलणं कुठूनतरी लांबून येत होतं.

"जहाल असतं का?"

"अहो, एवढ्याशा चिमटीत घूस मरते."

ती खुंट्यांकडे धावली. चौदा पिशव्या होत्या. एकेक काढून तिने उलटी केली, शिवणीत नख घालून बघितलं, वास घेतला. माळीदादा म्हणाले, लसणासारखा वास येतो. एका पिशवीला कांद्याचा वास येत होता तर ती तिने तीनदा उलटी केली. पण भुकटी नव्हती. चौदाही स्वच्छ निघाल्या.

पाटीवर माळीणबाईंचं नाव पुसलेलं होतं आणि त्याखाली आज लिहिलेली तीन नावं होती. खरं तर नावं नव्हेतच, वहिनी आपली ओळखीची खूण लिहायची. सिस्टर. जुळी. मास्तर. म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी जुळ्या मुलींची आई, आणि मास्तर. माळीणबाईंच्या पिशवीनंतर या तीनच बाहेर गेल्या होत्या. सिस्टरने साबण नेला होता. जुळ्यांच्या आईने सुटी बिस्किटं. मास्तरांनी चार पाव. सगळं वहिनीने स्वतःच्या हाताने पिशवीत टाकलं होतं, आणि टाकताना आत वाकून बघितलंही नव्हतं. बघून तरी काय दिसणार होतं, मरून कापडावर काळी भुकटी?

दीर मागच्या खोलीतून आला. त्याने सगळं ऐकलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता. तसा तो वाईट माणूस नव्हे. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला संकटात पहिल्यांदा दार लावून घ्यायचं सुचतं. त्याने खरोखरच दार ओढून घेतलं.

"ओरडायचं नाही," तो म्हणाला. "माळीदादा, तुम्हीही नाही. नोकरी जाईल तुमची. वहिनी, तुम्ही शांतपणे जा आणि तिन्ही पिशव्या घेऊन या. सांगा, दोरा उसवलाय. बघून परत देते म्हणावं. अर्ध्या तासाचं काम आहे."

"पण भाऊजी, त्यांनी खाल्लं तर?"

"अर्ध्या तासात कोण काय खातंय? आणि बोभाटा झाला तर उद्यापासून या दुकानाची पायरी कोण चढेल? पिशवी तुमची, नियम तुमचा. लोक कुणाला धरतील, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तिथेच तर घोडं अडलं. वहिनीला दोन भीती एकदम वाटत होत्या, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या क्षणी दुसरी भीती पहिलीपेक्षा थोडी मोठी होती. ती चपला घालून निघाली.

दवाखान्यात गर्दी नव्हती. सिस्टर टेबलाशी कापसाचे बोळे करत बसली होती. पिशवी तिच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली.

"दोरा? तुमची शिवण आणि उसवली?" सिस्टर हसली. "अहो, आमच्या डॉक्टरांपेक्षा तुमचे टाके पक्के. घ्या, बघा."

वहिनीने पिशवी खिडकीशी नेली आणि उलटी केली. साबणाचा वास. बाकी काही नाही. तिने पिशवी परत दिली.

"वहिनी, बरं वाटत नाही का? चेहरा पांढराफटक पडलाय. बसा, नाडी बघते."

साऱ्या रस्त्यावर हे सांगावं असं माणूस असेल तर ते हेच होतं. वहिनीने तोंड उघडलंही. "उन्हातून आले ना," एवढंच त्यातून निघालं. जाताना तिने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मास्तरांचं दार ती वाजवत राहिली. आत भांड्याचा आवाज झाला, मग पावलं, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी दार चार बोटं उघडलं. त्या फटीत मास्तरांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली. आत चहाचं पाणी उकळत होतं.

"मास्तर, सकाळची पिशवी द्या बघू जरा. दोरा उसवलाय एका पिशवीचा. कुठली ते बघते आणि लगेच देते परत."

मास्तरांनी मागे वळून बघितलं. मग घसा खाकरला. "दिली की परत."

"कधी?"

"दुपारीच. टोपलीत टाकली. पाव काढून घेतले आणि टाकली. तुमचं दार ओढलेलं होतं."

वहिनीला आठवलं. एक वाजता तिने टोपली आत घेतली तेव्हा तीन पिशव्या निघाल्या होत्या. कुणाच्या ते कळायला मार्ग नव्हता म्हणून तिने पाटीवरचं एकही नाव पुसलं नव्हतं, आणि त्या तिन्ही तिने मघाशी उलट्या करून तपासल्या होत्या. म्हणजे मास्तरांची पिशवी स्वच्छ. तिला इतकं हायसं वाटलं की ती दारातच म्हणाली, "फार चांगलं केलंत मास्तर, फार बरं झालं." मास्तरांचा डोळा गोंधळला. दार लागलं.

रस्त्यात दोन पावलं टाकल्यावर तिच्या डोक्यात बाकीचा हिशेब झाला. सिस्टरची नाही. मास्तरांची नाही. उरली एकच.

जुळ्या दोन वर्षांच्या होत्या.

रस्ता तिने कसा ओलांडला ते तिलाच कळलं नाही. एका सायकलवाल्याने शिवी हासडली. तीन जिने चढताना प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, आता वरून किंकाळी येईल. वर सगळं शांत होतं. ती शांतता तर जास्तच भयंकर वाटली. घंटी वाजवली, कुणी येईना. पुन्हा वाजवली. शेजारचं दार उघडलं आणि म्हातारी म्हणाली, आत्ता तर खाली गेली पोरींना घेऊन, येईल इतक्यात. वहिनी खाली धावली. अंगणात नाही. मागच्या गल्लीत नाही. घसरगुंडीपाशी नाही. ती परत वर आली आणि पायरीवर बसून राहिली. आता ओरडावं का? ओरडावं तर कुणाच्या नावाने? आयुष्यात तिने नवऱ्याचं आजारपण काढलं होतं, शेवटची रात्र दवाखान्यात एकटीने काढली होती, पण ते भय असं नव्हतं. तेव्हा तिने काही केलेलं नव्हतं.

चारच्या सुमारास ती बाई मागच्या जिन्याने, स्वयंपाकघराच्या दारातून कधी घरात गेली होती, ते वहिनीला आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. दोन बारीक हसू आणि मधूनच कुरुमकुरुम. बिस्किटांचा आवाज. वहिनीने दार बडवलं.

दार साखळीपुरतं उघडलं. "अय्या, वहिनी?"

"पिशवी दे. सकाळची. दोरा उसवलाय तिचा."

जुळ्यांच्या आईने डोळे चुकवले. "पिशवी होय? ती धुवायला टाकली हो. ओली आहे. उद्या देते ना."

"अगं, सकाळी तर नेलीस."

"हो, पण पोरींनी घाण केली. आणि त्या आधीच्या दोन आहेत ना, त्याही देते, खरंच देते. घरात आजारपण होतं म्हणून राहिल्या. शुल्क एकदम नका लावू वहिनी, यांना कळलं तर..."

तेव्हा वहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला वाटतंय मी वसुलीला आले. मी दारात उभी राहिले की माणसं पिशवी लपवतात. मीच शिकवलं त्यांना ते, पाटीवर लिहून, नावं वाचून, हसून. आणि मी अजून दोऱ्याचंच तुणतुणं वाजवतेय.

"अगं, विष आहे त्यात!" ती ओरडली. इतक्या जोरात, की तिचा आवाज जिन्यातून खाली आणि खिडकीतून रस्त्यापलीकडे गेला. "घुशींचं औषध आहे! पोरींच्या तोंडातलं काढ! आधी तोंडातलं काढ!"

पुढचं सगळं एकाच वेळी झालं. साखळी निघाली, आई मागे धावली, दोन्ही पोरींच्या हातांतली बिस्किटं उडाली, तोंडांत बोटं गेली, पोरींनी घर डोक्यावर घेतलं. पिशवी एकीने बाहुलीला पांघरायला घेतली होती. वहिनीने ती हिसकली आणि जमिनीवर गुडघे टेकून उलटी केली. शिवणीत पिवळा चुरा होता. तिने चुरा बोटावर घेतला, नाकाशी नेला, खिडकीच्या उजेडात धरला. बिस्किटाचा चुरा. नुसता बिस्किटाचा चुरा. चारी कडा बघितल्या. कुठेही काळं नाही.

"नाहीये," ती म्हणाली. "ही नाही. हिच्यात नाहीये गं."

आई मटकन खाली बसली आणि पोरींना पोटाशी धरून हुंदके द्यायला लागली. वहिनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते खाली ओघळायच्या आतच थांबलं. हिच्यात नाही. सिस्टरच्यात नाही. खुंटीवरच्या चौदांत नाही. मग?

मग टोपलीत मास्तरांची पिशवी नव्हतीच.

"सिस्टरला हाक मार," ती म्हणाली. "खिडकीतून मार. मास्तरांच्या घरी या म्हणावं, असतील तशा." आणि ती जिना उतरायला लागली. उतरताना तिला दार चार बोटं उघडलेलं दिसत होतं आणि आतून उकळत्या चहाच्या पाण्याचा आवाज येत होता.

या वेळी दार सताड उघडं होतं. मास्तर खुर्चीत बसले होते, पिशवी मांडीवर, उलटी केलेली. त्यांच्यामागे खिडकीला मरून पडदा होता. वहिनीने आपली शिवण ओळखली. पिशव्या उसवून, कापड सरळ करून, एकाला एक जोडून केलेला पडदा होता तो, निदान सात-आठ पिशव्यांचा. संध्याकाळी गल्ल्यावर दीर बसायचा आणि पाटीवर लिहायचा कंटाळा करायचा. मास्तर तेव्हाच पिशव्या नेत असणार. खोली रस्त्यावर होती, येणाजाणाऱ्याला त्यांचं एकट्याचं जेवण दिसायचं. म्हणून हा पडदा, आणि तो वहिनीला दिसू नये म्हणून मघाशी दार चार बोटंच उघडलं होतं.

"ऐकलं मी," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "तुमचा आवाज आला. ही घ्या. परत करणार होतो मी, वहिनी. तो पडदासुद्धा."

"पडद्याला आग लागो! पाव कुठायत?"

ताटलीत दोन उरले होते. खालची बाजू काळी.

"मला वाटलं भट्टीची काजळी," मास्तर म्हणाले. "वास हल्ली येत नाही मला." आणि त्यांनी पोट धरलं आणि पुढे वाकून ओकले.

सिस्टर पळत आली. तिच्यामागे माळीदादा, त्यांच्यामागे दीर, आणि दारात रस्त्यावरची आठ-दहा माणसं. कुणीतरी म्हणालं, दूध पाजा. कुणी म्हणालं, मिठाचं पाणी. "काही पाजायचं नाही!" सिस्टर अशी ओरडली की सगळे मागे सरकले. तिने मास्तरांना कुशीवर निजवलं, माळीदादांकडून औषधाचं नाव घेतलं, मोठ्या रुग्णालयाला फोन लावला. फोन खांद्यात धरून ती हाताने कागदावर लिहीत होती. वय. नाडी. काय खाल्लं. किती.

"कधी खाल्लं?" तिने विचारलं. "मास्तर, ऐकताय ना? पाव किती वाजता खाल्लात? नीट सांगा, ते महत्त्वाचं आहे."

मास्तरांचे डोळे मिटले होते. "वहिनी गेल्यावर," ते पुटपुटले. "वहिनी गेल्या... मग चहा गाळला."

सिस्टरने वर बघितलं. "वहिनी तर इथेच आहेत."

"भ्रमात बोलताहेत," दीर घाईने म्हणाला. "वहिनी आत्ता आल्या, सगळ्यांच्या देखत. आम्हालाच आत्ता कळलं ना. माळीदादांनी आत्ताच सांगितलं. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील फार तर. त्याच सुमाराला खाल्लं असणार."

माळीदादा जमिनीकडे बघत होते. सिस्टर फोनमध्ये म्हणाली, "पंधरा मिनिटं, साधारण," आणि तिने कागदावर तसं लिहिलं.

वहिनीने तो आकडा बघितला. दिराचीही नजर तिच्यावर होती आणि त्या नजरेत सगळं होतं. दुकान, त्याच्या दोन मुली, उद्याची सकाळ, रिकाम्या खुंट्या. दारातल्या माणसांत जुळ्यांची आई येऊन उभी राहिली होती, दोन्ही कडेवर दोन पोरी. इतकी भीती तिला जिन्यात वाटली नव्हती. गप्प राहायला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं.

जमिनीवर मास्तर पुन्हा कळवळले.

"सिस्टर, खोडा ते," वहिनी म्हणाली.

"काय?"

"पंधरा मिनिटं नाही. मी आधी येऊन गेले होते इथे. तुमच्याकडून निघाले तेव्हा तीन वाजून दहा झाले होते, तिथून थेट इथेच आले. सव्वातीन. ते म्हणतात ते खरंय. मी गेल्यावर खाल्लं त्यांनी."

सिस्टरने मनगटावर बघितलं. सव्वाचार व्हायला आले होते. "तास झाला," ती फोनमध्ये म्हणाली. "तास. हो. चुकून पंधरा मिनिटं म्हणाले." मग तिची पेन्सिल थांबली. तिला दवाखान्यातली दुपार आठवली असावी, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

दिराने मान हलवली, नाही म्हणा, नाही म्हणा.

"होतं," वहिनी म्हणाली. "चहाचं पाणी उकळत होतं. पाव तेव्हा त्यांनी खाल्ले नव्हते. मी दोरा उसवलाय म्हणाले."

जुळ्यांच्या आईने पोरींना घट्ट धरलं आणि दारातून एक पाऊल मागे घेतलं. मास्तरांनी डोळे उघडून वहिनीकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिला सोसलं असतं. ते नुसतं समजून घेत होते, वर्गात एखाद्या मुलाचं चित्र का बिघडलं ते समजून घ्यावं तसं.

रुग्णवाहिका आली. मास्तरांना आत घेतलं. दीर बाजूला उभा राहिला, त्याने पुढे व्हायचं नाव काढलं नाही. सिस्टरने वहिनीचा दंड धरला.

"बसा आत. तिथे डॉक्टर पुन्हा सगळं विचारतील, माझ्या कागदावर विसंबणार नाहीत. आत्ता सांगितलंत तस्सं सांगायचं. वेळेसकट."

"वाचतील का हो?"

"मला नाही माहीत," सिस्टर म्हणाली आणि दार लावलं.

गाडी सुरू झाली. मास्तरांचा हात बाकावरून खाली लोंबत होता, वहिनीने तो धरून ठेवला. तो थंड होता आणि ओला होता. सव्वातीन वाजता, मला माहीत होतं, ती मनात म्हणाली. पुन्हा म्हणाली. सव्वातीन वाजता, मला माहीत होतं. रुग्णालय येईपर्यंत ती ते घोकत राहिली, कारण तिथे पोचल्यावर तोंड उघडलं तर त्यातून दुसरंच काही निघेल, याची तिला भीती वाटत होती.